झाडू घेऊन आत गेलेला रेसर

संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास टेंभी नाक्यावर पाच मिनिटं नुसते उभे राहा. स्टेशनकडून येणारे, कोर्ट नाक्याकडून येणारे, जांभळी नाक्यावरून पिशव्या सांभाळत येणारे, रिक्षा, टीएमटीच्या बस आणि या सगळ्यांच्या फटीतून नागमोडी सरकणारे तुम्ही. हो, तुम्हीच. कॉलेजची सॅक पोटावर, हेल्मेट हँडलला (ते डोक्यावर असतं, हे आईला फोनवर सांगायचं असतं) आणि समोरच्या दोन रिक्षांमधून बाइक निघेल की नाही याचा पाव सेकंदात लावलेला हिशेब. आपल्याला वाटतं, आपण मनातून रेसरच आहोत, फक्त ट्रॅक मिळत नाही.

ट्रॅक न मिळण्याबद्दलच आज बोलू. ज्याच्याबद्दल सांगतोय, त्याच्या घरापासून जगातला सगळ्यात नामांकित ट्रॅक काही मैलांवर होता. त्याच्याकडे गाडी होती, ती त्याने स्वतःच्या हाताने बनवलेली होती. ती गाडी त्याच्याइतकी वेगात चालवणारे त्या शहरात फार थोडे होते. तरी त्या ट्रॅकच्या आत त्याला ड्रायव्हर म्हणून कधीच पाय ठेवता आला नाही. तो आत गेला तो झाडू घेऊन.

त्याचं नाव चार्ली विगिन्स. हॅमिल्टन, वर्स्टॅपेन, सेना ही नावं तुम्हाला झोपेत विचारली तरी सांगता येतील. विगिन्स ऐकलाय का? मीही ऐकला नव्हता. एफ-वन बघणाऱ्या माझ्या मित्रांच्या ग्रुपवर नाव टाकलं, तर एकाने विचारलं, ‘तो सायकलवाला का?’ सायकलवाला विगिन्स वेगळा, तो ब्रॅडली. हा चार्ली, शंभर वर्षांपूर्वीचा.

पॉलिशची पेटी

चार्लीचा जन्म १५ जुलै १८९७चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या इव्हान्सविल गावातला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. आई तो लहान असतानाच गेली. अकरा वर्षांचा असताना पोरगा बूटपॉलिशची पेटी घेऊन बसायला लागला आणि बसला कुठे, तर एका मोटारविक्रीच्या दुकानासमोर. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. स्टेशनसमोर बसला असता तर कदाचित ही गोष्टच घडली नसती.

तेव्हा मोटारगाडी म्हणजे श्रीमंतांचं नवं खेळणं होतं. आज एखाद्याने सोसायटीत लाल रंगाची स्पोर्ट्स कार आणून लावली की वॉचमनपासून वॉशिंगवाल्यापर्यंत सगळे भोवती जमतात, तसं तेव्हा प्रत्येक गाडीभोवती जमत. बूट पॉलिश करता करता चार्ली बॉनेट उघडल्यावर काय काय दिसतं ते बघायचा, आवाज ऐकायचा. गिऱ्हाइकाच्या गाडीचा कोणता आवाज चुकतोय हे तो सांगू लागला. दुकानवाल्यांच्या लक्षात आलं की पोराच्या कानात काहीतरी आहे. त्यांनी त्याला आत घेतलं, हातात पाना दिला. इव्हान्सविलमधला तो पहिला कृष्णवर्णीय मेकॅनिक मानला जातो.

इथे थोडं थांबून तेव्हाचा इंडियाना समजून घ्यायला हवा. हे राज्य काही अमेरिकेच्या दक्षिणेतलं, गुलामगिरीच्या मळ्यांचं नव्हे. नकाशात वर, उत्तरेच्या बाजूला. तरीही १९२०च्या दशकात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा जोर ज्या राज्यांत सगळ्यात जास्त होता, त्यांत इंडियाना अगदी वरच्या नंबरावर. गव्हर्नर निवडून आला तोही क्लॅनच्या पाठिंब्यावर. पांढरे झगे घालून भर रस्त्यात मिरवणुका निघत. शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, थिएटरात बसायच्या जागा वेगळ्या.

अशा काळात, १९२२मध्ये, चार्ली आणि त्याची बायको रॉबर्टा इंडियानापोलिसला आले. काही काळाने चार्ली स्वतःचं गॅरेज चालवायला लागला. गंमत बघा. गोरे रेसर रस्त्यात हात मिळवणार नाहीत, पण इंजिन अडलं की गाडी विगिन्सकडेच आणणार. गॅरेजच्या मागच्या बाजूला त्याने भंगारात मिळालेल्या सुट्या भागांतून एक रेस कार जोडायला घेतली. कुठल्या गाडीचं काय, कुठल्या गाडीचं काय! तिचं नाव ठेवलं विगिन्स स्पेशल. आपल्याकडे याला जुगाड म्हणतात, पण जुगाड म्हटलं की ‘चालून जाईल’ असा एक ढिला सूर येतो. ही गाडी चालून जाण्यातली नव्हती. तिने पुढे भल्याभल्यांना मागे टाकलं.

चार किलोमीटरचा वर्तुळाकार हट्ट

इंडियानापोलिस म्हटलं की एकच गोष्ट. तिथला स्पीडवे १९०९ साली बांधला गेला. अडीच मैलांची, म्हणजे चार किलोमीटरची एक फेरी. १९११पासून मे महिन्याच्या अखेरीला तिथे ५०० मैलांची शर्यत होते, तीच इंडी ५००. दोनशे फेऱ्या. पहिल्या वर्षी जिंकला रे हॅरून, त्याने गाडीला मागचं दिसावं म्हणून आरसा लावला होता. (तुमच्या बाइकचे आरसे ‘लूक जातो’ म्हणून काढून ठेवलेत ना? हॅरूनला कळवा.) गावात राहणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकचं स्वप्न एकच, एकदा तरी त्या ट्रॅकवर उतरायचं.

चार्लीने अर्ज केला. नकार आला. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन, म्हणजे ट्रिपल ए, त्या वेळी मोठ्या शर्यतींचं नियंत्रण करायची आणि ती कृष्णवर्णीय ड्रायव्हरला परवाना देत नसे. परवाना नाही, म्हणजे इंडी नाही. टाइम लावून बघू, गाडी तपासून बघू, असा काही प्रश्नच नाही. रंग बघितला, फाइल बंद.

हे आधीपासूनच ठरलेलं होतं आणि त्यामागे एक मजेशीर म्हणावा की चीड आणणारा म्हणावा असा किस्सा आहे. जॅक जॉन्सन हे नाव बॉक्सिंगवाल्यांना माहीत असेल. हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. ४ जुलै १९१० रोजी त्याने गोऱ्यांचा लाडका जिम जेफ्रीज याला लोळवलं, तेव्हा अमेरिकेत कित्येक शहरांत दंगली झाल्या. या जॉन्सनला वेगवान गाड्यांचं वेड. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रुकलिनला त्याने बार्नी ओल्डफील्डशी मोटारींची शर्यत लावली. ओल्डफील्ड म्हणजे त्या काळचा सगळ्यात प्रसिद्ध ड्रायव्हर. तोंडात सिगारचं थोटूक, हेन्री फोर्डची ‘९९९’ ही राक्षसी गाडी चालवून नाव कमावलेलं. १९०३मध्ये एका मिनिटाच्या आत एक मैलाची फेरी मारणारा तो पहिला माणूस. शर्यत ओल्डफील्डने आरामात जिंकली. मग ट्रिपल एने काय केलं? जिंकणाऱ्या ओल्डफील्डला निलंबित केलं. कारण तो जॉन्सनबरोबर ट्रॅकवर उतरला. हरला असता तर काय केलं असतं, देव जाणे.

म्हणजे चार्ली अर्ज करत होता तेव्हा दार नुसतं बंद नव्हतं, त्याला आधीच कुलूप घालून किल्ली फेकून दिलेली होती.

जत्रेच्या मैदानावर

अशा वेळी काय करता येतं? रडता येतं, भांडता येतं किंवा आपला ट्रॅक आपण उभा करता येतो. १९२४मध्ये विल्यम रकर नावाच्या एका कृष्णवर्णीय व्यावसायिकाने पुढाकार घेऊन कलर्ड स्पीडवे असोसिएशन स्थापन केली. पैशांसाठी दोन गोरे भागीदारही मिळाले. ठिकाण ठरलं, इंडियाना स्टेट फेअरग्राउंड्स, राज्याची वार्षिक जत्रा भरते ते मैदान. तिथे घोड्यांच्या शर्यतींसाठी एक मैलाचा मातीचा ट्रॅक होता. ओल्डफील्डने १९०३चा तो मिनिटाचा विक्रम केला होता तो याच ट्रॅकवर.

‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचं मोठं वृत्तपत्र. त्याचा क्रीडा पत्रकार फ्रँक यंग याने या शर्यतीचा असा काही गाजावाजा केला की गावोगावचे लोक रेल्वेने आले. शर्यतीचं नाव ‘गोल्ड अँड ग्लोरी स्वीपस्टेक्स’. सोनं आणि कीर्ती! २ ऑगस्ट १९२४ रोजी पहिली शर्यत झाली. शंभर फेऱ्या, शंभर मैल. आपल्या हिशेबात एकशे साठ किलोमीटर, म्हणजे ठाण्याहून निघून नाशिक गाठायचं आणि वर थोडं उरायचं, फक्त सरळ न जाता एकाच मैदानात गोल गोल आणि तेही मातीत. पहिला आला माल्कम हॅनन.

मातीचा ट्रॅक म्हणजे काय, हे जरा डोळ्यांसमोर आणा. पुढच्या गाडीची चाकं माती उकरतात, मागच्याला दिसतो तो फक्त धुळीचा ढग. उन्हाळ्यात घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाशेजारून डंपरच्या मागे बाइक घातली असेल, तर थोडी कल्पना येईल; त्याला तीनाने गुणा आणि वेग ताशी शंभरच्या पुढे धरा. डोक्यावर आजच्यासारखं हेल्मेट नाही, कापडी किंवा चामडी टोपी. सीटबेल्ट नाही. टायर पातळ. शर्यत वाढत जाते तसे ट्रॅकला खड्डे पडत जातात. गाडी उलटली तर ड्रायव्हर बाहेर फेकला जातो आणि मागून येणाऱ्याला तो दिसेलच असं नाही. हे सगळं माहीत असूनही मैदानावर गाड्या रांगेने लागायच्या. यातले बरेच ड्रायव्हर आठवडाभर कुणाची तरी गाडी पुसणारे, कुणाचा ट्रक चालवणारे, गॅरेजात खपणारे. शर्यतीच्या दिवशी मात्र हजारो लोकांसमोर ते रेसर.

चार्ली १९२६ला जिंकला आणि ज्या पद्धतीने जिंकला ते इंजिनीअरिंगवाल्यांनी नीट वाचा. त्याने गाडी नुसती वेगवान केली नव्हती. विमानाचं इंधन आणि इंजिन ऑइल यांचं एक स्वतःचं मिश्रण त्याने तयार केलं होतं, आणि इंजिन त्या मिश्रणाला जमेल असं जुळवलं होतं. त्यामुळे पूर्ण शंभर मैल त्याला इंधनासाठी थांबावं लागलं नाही. आता आकडेमोड करा. एक मैलाची फेरी मिनिटाच्या आसपास. कुणी पिटमध्ये गाडी घेतली, डब्याने इंधन ओतलं, पुन्हा ट्रॅकवर आला, तर तेवढ्यात इतरांच्या दोन फेऱ्या सहज होतात. चार्ली दुसऱ्या नंबरच्या गाडीपेक्षा बरोबर दोन फेऱ्या पुढे होता. बाकीचे पायाने शर्यत खेळत होते, त्याने ती आदल्या रात्री गॅरेजातच जिंकली होती.

त्यानंतर १९३१, १९३२, १९३३. एकूण चार वेळा गोल्ड अँड ग्लोरी त्याच्याकडे आली. पेपरवाले त्याला ‘निग्रो स्पीड किंग’ म्हणू लागले. तेव्हाचा शब्द तोच होता, आज कुणी वापरणार नाही. गोऱ्यांच्या मोठ्या पेपरांत मात्र या शर्यतींना फारशी जागा नसे. डिफेंडरसारखे पेपर नसते तर आज आपल्याला यातलं जवळजवळ काहीच कळलं नसतं. जर्नालिझमला असाल तर हे एक वाक्य अधोरेखित करून ठेवा.

गुन्हा : ओव्हरस्पीडिंग

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शेजारच्या केंटकी राज्यात लुईव्हिल शहरात शर्यत होती, फक्त गोऱ्यांची. एका गोऱ्या ड्रायव्हरने चार्लीचीच गाडी चालवायला घेतली होती. शर्यतीआधी गाडी नीट लागलीय का हे बघायला त्याने चार्लीला ट्रॅकवर फेरी मारायला सांगितलं. साहजिक आहे, ज्याने बनवली त्यालाच कळणार. चार्ली बसला, निघाला. स्टँडमधल्या लोकांनी बघितलं की गाडीत कृष्णवर्णीय माणूस बसलाय आणि गर्दी खवळली. जमाव ट्रॅकवर उतरला. शेवटी त्याचा जीव वाचवायचा म्हणून त्याला अटक करून तिथून हलवावं लागलं. अटक केली म्हणजे कागदावर काहीतरी गुन्हा तर लिहायला हवा. लिहिला : जास्त वेगाने गाडी चालवणे.

रेसच्या ट्रॅकवर.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो, आणि मग हसल्याचंच वाईट वाटलं.

आपल्याकडचा मातीचा कप

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतलं हे, शंभर वर्षांपूर्वीचं, आपल्याला काय त्याचं? मग जरा घाट चढून पुण्याला या आणि काळ आणखी तीसेक वर्षं मागे न्या.

पळवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाडचा. आडनाव कोकणातल्या पळवण गावावरून. चर्मकार कुटुंबातला मुलगा, वडील लष्कराच्या नोकरीत. बाळू पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर कामाला होता. खेळपट्टी रोलरने दाबायची, नेट लावायचं, खेळायला आलेल्या साहेबांना चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग नावाचा इंग्रज बॅट्समन तासन् तास त्याच्यासमोर सराव करायचा. इंग्रज बॅटिंगचा सराव करत होते आणि बाळू डावखुऱ्या फिरकीचा. त्याला बॅट मात्र कुणी हातात दिली नाही. बॅटिंग साहेबांची, बोलिंग नोकराची.

पुढे पुण्यातल्या हिंदूंना इंग्रजांना हरवायचं होतं आणि त्यासाठी बाळू हवा होता, तेव्हा तो संघात आला. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा पीत, बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या जागी. १९०६मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला हरवलं त्यात त्याचा मोठा वाटा. १९११च्या इंग्लंड दौऱ्यावर त्याने ११४ बळी घेतले. इतकं करून संघाचं कप्तानपद? ते कधीच मिळालं नाही. त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, ते १९२३मध्ये मिळालं, तेही बऱ्याच वादानंतर. आणि विठ्ठलने त्याच वर्षी स्पर्धा जिंकून दाखवली.

बाळू आणि चार्ली एकमेकांना ओळखण्याचं काही कारण नव्हतं. एकाचा खेळ पांढऱ्या कपड्यांचा, दुसऱ्याचा ग्रीसने माखलेला. पण दोघांच्याही बाबतीत हिशेब एकच : तुझा हात हवा, तू नको. इंजिन तूच दुरुस्त कर, पण स्टिअरिंग आमचं. बॉल तूच टाक, पण कप बाहेरचा. मी हे दोन्ही किस्से शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मला अमेरिका अचानक लांबची वाटेनाशी झाली.

१९३४ : आत जायचा रस्ता

आता झाडूची गोष्ट.

बिल कमिंग्ज हा इंडियानापोलिसचाच गोरा ड्रायव्हर. १९३४च्या इंडी ५००साठी त्याला गाडी तयार करायची होती आणि त्याला चार्ली काय चीज आहे ते ठाऊक होतं. अडचण एकच. स्पीडवेच्या गॅरेजात कृष्णवर्णीय मेकॅनिकला प्रवेश नाही. पण सफाई कामगाराला आहे! झाडणारा, पुसणारा, सामान उचलणारा आत येऊ शकतो. तर असं सांगतात की चार्लीची नोंद सफाईवाला म्हणून झाली. कुणी बघत असलं की हातात झाडू, आणि दार लागलं की पाना.

त्या वर्षीचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. आयोजकांनी प्रत्येक गाडीच्या इंधनावर मर्यादा घातली होती. पाचशे मैलांसाठी फक्त ४५ गॅलन. म्हणजे केवळ वेग असून भागणार नव्हतं, कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त अंतर काढणारं इंजिन हवं होतं. आणि सफाईवाला कोण होता? आठ वर्षांपूर्वी न थांबता शंभर मैल काढलेला माणूस. यात चार्लीचा नेमका किती वाटा, हे कुठल्या अधिकृत कागदावर असणार नाही. सफाईवाल्याचं नाव तांत्रिक नोंदीत कोण लिहील? पण निकाल लिहिलेला आहे. १९३४ची इंडी ५०० बिल कमिंग्जने जिंकली, ताशी १०४ मैलांहून जास्त सरासरी वेगाने.

त्या रात्री शहरात जल्लोष झाला असेल. चार्लीने आयुष्यभर ज्या शर्यतीचं स्वप्न बघितलं, ती त्याच्या हाताखालून गेलेल्या गाडीने जिंकली होती. त्याला काय वाटलं असेल? मला नाही सांगता येत. तुम्ही ग्रुप प्रोजेक्ट रात्रभर जागून केलाय आणि प्रेझेंटेशनला दुसऱ्यालाच उभं केलंय, असं कधी झालं असेल तर तुम्हाला याचा शंभरावा हिस्सा समजेल. तेवढाच.

१९३६, दुसरी फेरी

गोल्ड अँड ग्लोरी तोवर अडखळत चालली होती. १९२९नंतरची मंदी अमेरिकेत सगळ्यांनाच बसली, पण कृष्णवर्णीय वस्त्यांना जास्त. लोकांकडे तिकिटाला पैसे नाहीत, ड्रायव्हरांकडे टायरला पैसे नाहीत.

सप्टेंबर १९३६. चार्ली एकोणचाळीस वर्षांचा. शर्यत सुरू झाली आणि दुसऱ्याच फेरीत एकावर एक तेरा गाड्या आदळल्या. चार्लीची त्यात होती. तो वाचला, पण उजवा पाय कापावा लागला. त्याचं रेसिंग तिथे संपलं. आणि ती शर्यतही संपली. १९३६नंतर गोल्ड अँड ग्लोरी झालीच नाही. तेरा वर्षांचा एक अख्खा खेळ, ड्रायव्हर, चषक, धूळ, रेल्वे भरून आलेले प्रेक्षक, सगळं गुंडाळलं गेलं.

इथे सिनेमा असता तर पावसात एकटा बसलेला हिरो दाखवला असता. खऱ्या चार्लीने काय केलं, तर स्वतःसाठी लाकडाचा पाय बनवला. स्वतः. मेकॅनिकच तो, मोजमाप घेतलं, जोड तयार केला, लावला आणि गॅरेजात परत उभा राहिला. पुढची चाळीसेक वर्षं तो गाड्या दुरुस्त करत राहिला, तरुण पोरांना इंजिन शिकवत राहिला, आणि मोटार रेसिंगचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून बोलत राहिला.

दार उघडलं, पण इतक्या हळू की चीड येते. १९४७मध्ये जोई रे या लुईव्हिलच्याच ड्रायव्हरला ट्रिपल एचा परवाना मिळाला, कृष्णवर्णीयाला पहिल्यांदाच. हो, तेच लुईव्हिल. त्याच सुमारास तिकडे पश्चिम किनाऱ्यावर ‘राजो जॅक’ या नावाने ड्यूई गॅट्सन शर्यती मारत होता. चौकशी झाली की तो आपण पोर्तुगीज वगैरे असल्याचं सांगून वेळ मारून न्यायचा. १९६३च्या १ डिसेंबरला फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला वेंडेल स्कॉट नॅसकारची मोठी शर्यत जिंकला, तर झेंडा त्याला दाखवलाच नाही, चषक दुसऱ्याच्या हातात दिला. काही तासांनी ‘मोजणीत चूक झाली’ म्हणून निकाल बदलला, पण तोवर प्रेक्षक घरी गेले होते. त्या शर्यतीचा चषक स्कॉटच्या घरच्यांना मिळाला २०२१मध्ये. स्कॉट जाऊन तेव्हा तीस वर्षं उलटून गेली होती.

आणि इंडी ५००? तिथे पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर, विली टी. रिब्ज, शर्यतीला उभा राहिला तो १९९१मध्ये. पहिल्या शर्यतीनंतर ऐंशी वर्षांनी. तुमच्यातल्या काहींच्या आईबाबांचं तेव्हा कॉलेज चालू असेल.

तुमच्या वर्कशॉपमध्ये

हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण बाहा, सुप्रा किंवा फॉर्म्युला भारतच्या टीममध्ये असतील. स्पर्धेला पंधरा दिवस राहिले की कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच झोपणारी मंडळी. वेल्डिंगचे डाग पडलेले टी-शर्ट, कॅन्टीनवाल्याची उधारी, स्पॉन्सरला पाठवलेले आणि उत्तर न आलेले मेल. तुमच्या टीममध्ये एक प्रश्न विचारून बघा. ड्रायव्हर कसा ठरला? टाइम लावून ठरला का? टीममधल्या मुलींपैकी किती जणींच्या हातात पाना आहे आणि किती जणी ‘रिपोर्ट आणि सोशल मीडिया’ बघतात? वर्कशॉपमधले जे मामा तुम्हाला लेथ शिकवतात, ज्यांच्याशिवाय तुमचा एक पार्ट धड बनत नाही, त्यांचं नाव टीमच्या पोस्टरवर कुठे आहे? एका टीमच्या पोस्टरवर मी सव्वीस नावं मोजली. त्यात पिझ्झा फुकट दिलेल्या स्पॉन्सरचं होतं. मामांचं नव्हतं. विचारलं तर पोरं ओशाळली, ‘अरे हो, राहिलंच’ म्हणाली. मुद्दाम कुणी वगळलं नव्हतं, हे मलाही पटतं.

चार्ली विगिन्स ११ मार्च १९७९ रोजी इंडियानापोलिसमध्ये गेला, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी. त्याला पुरलं त्या जागी वर्षानुवर्षं नावाचा साधा दगडही नव्हता. मग टॉड गूल्ड नावाच्या एकाने जुने पेपर, फोटो, त्या काळच्या जिवंत राहिलेल्या लोकांच्या आठवणी असं सगळं धुंडाळून ‘फॉर गोल्ड अँड ग्लोरी’ हे पुस्तक लिहिलं, त्यावर माहितीपट केला. २००३मध्ये त्या जागेवर दगड बसला, त्यावर नाव कोरलं गेलं.